पुतळा बाँड्सचा, फलक मात्र क्लबचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेचा बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याच्याबद्दलचं टिपण वाचलं. डिसेंबर २०२५मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाच्या, समितीनं त्याला पुन्हा नाकारलं आणि तरीही त्याचा जुना क्लब सॅन फ्रान्सिस्को जायंट्स त्याच्या पुतळ्याच्या गोष्टी करतो, म्हणजे अमेरिकेनं लाज सोडली, असा एकूण सूर आहे. मी मूळची सांगलीची, पण निम्म्याहून जास्त आयुष्य सॅन मटेओत गेलं. बाँड्स याच गावातल्या सेरा हायस्कूलचा. खेळाडूंना स्टेरॉइड, म्हणजे ताकद वाढवणारी बंदी असलेली औषधं, पुरवणाऱ्या ज्या ‘बॅल्को’ प्रयोगशाळेपायी त्याचं नाव बद्दू झालं ती शेजारच्या बर्लिंगेममध्ये, विमानतळाकडे जाताना लागणाऱ्या गोदामवजा इमारतींच्या रांगेत होती. त्याच्या गोष्टीची दोन्ही टोकं अशी आमच्या घराजवळची, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

टिपणात त्याचे कारकिर्दीतले ७६२ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) आणि २००१च्या एका हंगामातले ७३ असे दोन आकडे आहेत. दोन्ही विक्रम अजून कुणी मोडलेले नाहीत. पण तो काय चीज होता हे या आकड्यांवरून कळत नाही. मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, खेळायचा तेव्हा स्कोअरबुक लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्या आया संत्र्याच्या फोडी घेऊन यायच्या, मी पेन्सिल आणि खोडरबर. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन. पिचरनं, म्हणजे गोलंदाजानं, चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्या चौकोनात ‘बीबी’ लिहायचं. मुद्दाम बाहेर टाकले, म्हणजे ‘याला खेळूच द्यायचं नाही’ असं ठरवून टाकले, तर ‘आयबीबी’. पोरांच्या सामन्यात हे सहसा लिहावं लागत नाही. बाँड्सच्या चौकोनात २००४ साली ते १२० वेळा लिहिलं गेलं. त्याला सोडून बाकीच्यांत एका हंगामातला सर्वात मोठा आकडा ४५, तोही १९६९मधला, जायंट्सच्याच विली मकोव्हीचा.

तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर घडायचं. कॅचर, म्हणजे इथला यष्टिरक्षक, उठून फलंदाजापासून लांब उभा राहायचा, हात बाजूला काढायचा आणि पिचर त्याच्याकडे एकामागून एक चार चेंडू सोडून द्यायचा. २०१७पासून मॅनेजरनं नुसती खूण केली तरी भागतं, त्यामुळे ती मजा गेली. आमच्या मैदानात लोक रबरी कोंबड्या घेऊन बसायचे. आपल्याकडची भागूबाई तशी इथली कोंबडी. प्रत्येक आयबीबीला कठड्यावर एक कोंबडी टांगली जायची. संध्याकाळ संपेपर्यंत कधीकधी कोंबड्यांची रांगच लागायची.

याहून मोठा पुरावा २८ मे १९९८चा आहे. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, ॲरिझोना ८-६ने पुढे. त्यांचा मॅनेजर बक शोवॉल्टर यानं बाँड्सला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकायला लावले. म्हणजे बेसवरचे तिघेही एकेक बेस पुढे सरकले, एक धाव हातानं उचलून दिली, ८-७ करून घेतलं, आणि पुढच्या फलंदाजाला बाद करून सामना जिंकला. धाव देणं परवडलं, बाँड्सला खेळू देणं नाही. आणि तारीख बघा. ज्या शोधपत्रकारांनी हे प्रकरण खणून काढलं त्यांच्याच हिशेबानं औषधं सुरू झाली ती १९९८चा हंगाम संपल्यावर, मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोन फलंदाजांच्या होमरनच्या शर्यतीनं सगळा देश वेडा झालेला पाहून. तोवर बाँड्स तीनदा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढे आणखी चारदा ठरला, त्या चारांवर शंकेची सावली आहे. ज्याच्या पानात आधीच पंचपक्वान्नं वाढलेली, त्यानं शेजारच्या पानाकडे बघून हावरटपणा करावा, याचा मला अजून राग येतो.

प्रकरण थोडक्यात असं. सप्टेंबर २००३मध्ये बॅल्कोवर धाड पडली. डिसेंबरमध्ये बाँड्सची ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्ष झाली. ट्रेनर ग्रेग अँडरसन हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं दिलेले थेंब आणि मलम मी वापरलं, पण ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे असं मला वाटलं, अशी त्याची बाजू. आमच्या सांगलीकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, ती खाऊन कुणी चेंडू मैदानाबाहेरच्या खाडीत पोचवल्याचं ऐकिवात नाही. पण कोर्टात चटणीचा दाखला चालत नाही. २०११च्या खटल्यात खोटी साक्ष दिल्याच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. न्यायात अडथळा आणल्याच्या एका कलमावर तो दोषी ठरला, आणि २०१५मध्ये अपील कोर्टानं तेही रद्द केलं. कायद्यानं तो आज मोकळा आहे, आणि ‘सिद्ध झालेला गुन्हेगार’ असं कुणी लिहू नये.

हॉल ऑफ फेमचं तर गणितच वेगळं. तिथे ७५ टक्के मतं लागतात. पत्रकारांच्या मतदानात २०१३मध्ये त्याला ३६.२ टक्के पडली, २०२२ साली, म्हणजे दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ६६. त्यानंतर १६ जणांची समिती, तिथे तो दोनदा आपटला. या वेळी पाचही मतं मिळाली नाहीत, त्यामुळे नव्या नियमानं पुढच्या खेपेला त्याचं नावही येणार नाही. आणि त्याच बैठकीत १४ मतांनी निवडून कोण आला, तर त्याचाच जायंट्समधला सहकारी जेफ केंट! २००२मध्ये सॅन दिएगोत डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात तिथे, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर बाँड्सनं ज्याची गचांडी धरली होती तोच. नियतीला विनोदबुद्धी आहे.

पण मतदारांचं मतदारांपाशी. मला बोलायचंय ते क्लबबद्दल, आणि टिपणात नेमकं तेच सुटलंय. ‘फसवणाऱ्याचा सत्कार क्लब कसा करतो?’ असं आपल्या लेखकानं विचारलंय. जणू क्लब लांब कुठेतरी उभा होता आणि त्यालाही फसवलं गेलं.

१९९२मध्ये जायंट्स सॅन फ्रान्सिस्को सोडून फ्लॉरिडाला चालले होते. विक्री ठरलेली होती, बाकीच्या क्लबमालकांनी ती हाणून पाडली म्हणून थांबले. सेफवे या किराणा दुकानांच्या साखळीचे प्रमुख पीटर मॅगोवन यांनी स्थानिक मंडळी जमवून क्लब घेतला आणि पहिला मोठा सौदा केला तो बाँड्सचा, सहा वर्षांचे ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर. बेसबॉलमध्ये तोवर एवढा करार झाला नव्हता. बाँड्ससाठी हे घरी येणं होतं. वडील बॉबी बाँड्स इथेच खेळले, क्लबचे थोर खेळाडू विली मेज हे त्याचे धर्मपिता. मेज यांचा २४ नंबर त्याला हवा होता, पण तो निवृत्त झालेला, म्हणजे मेज यांच्या मानासाठी पुन्हा कुणाला न देण्याचा, मग वडिलांचा २५ घेतला.

पुढे कँडलस्टिकच्या त्या हाडं गोठवणाऱ्या मैदानाऐवजी खाडीकाठी नवं स्टेडियम उभं राहिलं, २००० साली. खर्च ३५ कोटी ७० लाख डॉलर, आणि मेजर लीगमध्ये १९६२नंतर पहिल्यांदाच एखादं मैदान खासगी पैशावर बांधलं गेलं. कर्ज काढून. ते फेडायचं तर रोज खुर्च्या भरायला हव्यात. त्या भरल्या, बाँड्स खेळत होता तोवर दरवर्षी तीस लाखांवर तिकिटं गेली. उजव्या भिंतीपलीकडे मकोव्ही कोव्ह, तिथे लोक होड्यांत जाळी घेऊन बसायचे आणि बाँड्सनं एकूण ३५ चेंडू थेट त्या पाण्यात पोचवले. एका होमरनच्या चेंडूवरून इथे काय होईल सांगता येत नसे. ७३व्या होमरनचा चेंडू आपलाच म्हणून दोन प्रेक्षक कोर्टात गेले, न्यायाधीशांनी ‘विका आणि निम्मे निम्मे घ्या’ असा निकाल दिला.

आता मिचेल अहवाल. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी बेसबॉलमधल्या उत्तेजकांची चौकशी करून तो डिसेंबर २००७मध्ये दिला. नावांची यादी सगळ्यांनी वाचली, त्यातली जायंट्सची पानं फार थोड्यांनी. संघाचे मुख्य ॲथलेटिक ट्रेनर स्टॅन काँटे (बॅल्कोचा मालक व्हिक्टर काँटे, आडनाव एकच, नातं काही नाही) यांनी जनरल मॅनेजर ब्रायन सेबियन यांच्या कानावर घातलं होतं की हा ग्रेग अँडरसन स्टेरॉइडवाला असावा आणि तो खेळाडूंच्या खोलीत मोकाट फिरतो. उत्तर काय, तर तुम्हाला खुपत असेल तर तुम्हीच त्याला बाहेर काढा. तो प्रश्न वर गेलाच नाही, कारण बाँड्स बिथरला तर? ही २००२ची गोष्ट, धाड पडण्याच्या एक वर्ष आधीची.

घोडं तिथे पेंड खात होतं. सप्टेंबर २००७मध्ये क्लबनं बाँड्सला ‘पुढच्या वर्षी नको’ असं सांगितलं. त्याच्या आदल्या महिन्यात त्यानं हँक ॲरनचा ७५५चा विक्रम मोडला होता, ४३व्या वर्षी २८ होमरन मारले होते. विक्रमाची तिकिटं विकून झाली होती. नोव्हेंबरमध्ये आरोपपत्र आलं. खेळाडू म्हणून त्याला कुठल्याही क्लबनं पुन्हा घेतलं नाही. पुढे वातावरण निवळल्यावर २०१७मध्ये याच क्लबनं त्याला सल्लागार नेमलं.

आणि ११ ऑगस्ट २०१८ला त्याचा २५ नंबर निवृत्त केला. मी आणि मुलगा वरच्या मजल्यावर होतो. खेळायला पायरेट्स, त्याचा पहिला क्लब, तेही जुळवून आणलेलं. ८७ वर्षांचे विली मेज बोलायला उभे राहिले आणि या मुलाला हॉल ऑफ फेममध्ये घ्या हो, असं त्यांनी मतदारांना साकडं घातलं. बाँड्सची आई समोर होती, वडील २००३मध्येच गेलेले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पण त्या दुपारी स्टेरॉइडचं नाव कुणी काढलं असेल तर ते माझ्या कानापर्यंत आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगा तोवर मोठा झाला होता, तो हळूच म्हणाला, ‘आई, हे सगळे मिळून एक मोठा आयबीबी टाकतायत.’

२०२५मध्ये क्लबचे मुख्य कार्यकारी लॅरी बेअर यांनी पुढचा पुतळा बाँड्सचाच व्हायला हवा असं जाहीरपणे सांगितलं. तारीख सांगितली नाही. त्यावर इथल्या चाहत्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो, तो आपल्या वाचकांना माहीत असावा, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. मैदानाभोवती पाच पुतळे आहेत आणि एकाचीही पाटी कोरी नाही. पुढच्या दारात चोवीस ताडांच्या मधोमध उभे असलेले साक्षात विली मेज! १९७९मध्ये अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोची नोकरी धरली म्हणून कमिशनरनं त्यांना बेसबॉलमधून बाहेर ठेवलं, १९८५पर्यंत. खाडीपलीकडचा मकोव्ही, त्यानं सह्या विकून मिळवलेल्या पैशांवरचा कर चुकवला, १९९५मध्ये गुन्हा कबूल केला, २०१७मध्ये ओबामांनी माफी दिली. ऑर्लँडो सेपेडा गांजाच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आला. गेलॉर्ड पेरी तर चेंडूला थुंकी आणि काय काय फासण्यासाठीच प्रसिद्ध, स्वतःच्या आत्मचरित्रात त्यानं ते सांगूनही टाकलं, आणि तो १९९१पासून हॉल ऑफ फेममध्ये आहे.

पाचवा हुआन मारिचाल. २२ ऑगस्ट १९६५, कँडलस्टिक, समोर लॉस एंजलिसचे डॉजर्स. मारिचाल फलंदाजीला उभा होता. डॉजर्सचा कॅचर जॉन रोझबरो यानं पिचरकडे चेंडू परत फेकताना तो मारिचालच्या कानाला घासेल इतका जवळून फेकला. बाचाबाची झाली आणि मारिचालनं हातातली बॅट रोझबरोच्या डोक्यात घातली. १४ टाके पडले. दंड झाला, बंदी आली. एवढा थोर पिचर, पण हॉल ऑफ फेमचे मतदार त्याला घेईनात. तेव्हा रोझबरो स्वतः त्याच्या बाजूनं उभा राहिला, ‘झालं ते झालं, याला घ्या’ म्हणाला, आणि १९८३मध्ये मारिचाल निवडून आला. रोझबरो २००२मध्ये वारला तेव्हा मानाच्या खांदेकऱ्यांत मारिचाल होता.

मग बाँड्सलाच का अडवता, असं हे लोक म्हणतात. अडवू नयेच. पण ही पाच उदाहरणं त्याला लागू होत नाहीत. कुणी शिक्षा भोगली, कुणी कबुली दिली, एकाला ज्याचं डोकं फोडलं त्यानंच पदरात घेतलं. शिवाय मकोव्हीनं बुडवलेल्या करातून क्लबला दमडी मिळाली नव्हती. बाँड्सच्या प्रत्येक होमरनमधून मिळत होती. डॉजर्सच्या गावी त्याला शिव्या पडायच्या आणि आमच्याकडे टाळ्या, आपला तो बाब्या हे समजू शकते मी. ते चाहत्यांना शोभतं, क्लबला नाही. क्लबपाशी हिशेबाच्या वह्या असतात.

आणि रोझबरोच्या जागी इथे कोण आहे? आमच्या उत्तरेला पेटालुमा म्हणून गाव आहे. तिथला एक कॉलेजचा खेळाडू पोरगा स्टेरॉइड घ्यायचा. घरच्यांनी जाब विचारला तेव्हा बाँड्स एवढे होमरन कसे मारतो असं तुम्हाला वाटतं, असं त्यानं उलट विचारलं होतं. २००२मध्ये त्यानं जीव दिला. मार्च २००५मध्ये त्याच्या आईनं वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच दिवशी त्याच समितीपुढे मार्क मॅग्वायरही बसला होता, आणि मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही, हे पालुपद लावून होता. माझा मुलगा तेव्हा पोरांच्या संघात होता. त्या रात्री मी त्याच्या दप्तराचे सगळे कप्पे तपासले, त्याला न सांगता. सापडलं ते एक चुरगळलेलं च्युइंगगम.

दुसऱ्या क्लबांनी हे कसं हाताळलं तेही बघावं. शिकागोच्या कब्जनी सॅमी सोसाला वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. डिसेंबर २०२४मध्ये त्यानं ‘चुका झाल्या’ असं म्हणून माफी मागितली, मग दार उघडलं. मोघम माफी होती, पण होती. जायंट्सनी बाँड्सकडे कधी काही मागितल्याचं दिसलं नाही, आणि मागणार कुठल्या तोंडानं? एकट्या बाँड्सनं कबूल करून भागणार नव्हतं. यात सर्वात सुखरूप सुटले ते तेव्हाचे कमिशनर बड सेलिग. २००७मध्ये बाँड्सनं सॅन दिएगोत ७५५वा होमरन मारला तेव्हा ते खिशात हात घालून उभे होते, टाळी नाही वाजवली. ज्यांच्या कारकिर्दीत २००४पर्यंत उत्तेजकं घेतल्यास शिक्षा होईल अशी चाचणीच नव्हती, ते २०१७मध्ये सन्मानानं हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. त्यांना १६ जणांच्या तशाच एका समितीनं निवडलं होतं.

म्हणून माझी मागणी एवढीच. पुतळा उभारा. मेज आणि मकोव्हीच्या मधल्या वाटेवर, खाडीच्या बाजूला, डावखुरा पवित्रा घेतलेला, बॅटच्या मुठीपासून थोडा वर हात धरलेला, तो धरायचा तसा. खालच्या फलकावर ७६२ लिहा, ७३ लिहा, १२० तर लिहाच. त्याच फलकावर बॅल्को लिहा, २०११ आणि २०१५चे दोन्ही निकाल लिहा, आणि एक ओळ क्लबनं स्वतःबद्दल लिहावी: आमच्या ट्रेनरनं आम्हाला सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. हे पत्र छापून आलं की त्याचा इंग्रजी तर्जुमा करून क्लबलाही पाठवणार आहे. मुलगा म्हणतो उत्तर येणार नाही. न येवो.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
सॅन मटेओ, कॅलिफोर्निया (माहेर सांगली)

ता. क. टिपणात बाँड्स ‘तुरुंगात जाऊन आला’ असं छापलंय, त्याची दुरुस्ती छापावी. त्याला झालेली शिक्षा ३० दिवस घरातच स्थानबद्धता, दोन वर्षं देखरेख, २५० तास समाजसेवा आणि चार हजार डॉलर दंड अशी होती, आणि तो निकालच पुढे रद्द झाला. तुरुंगात गेला तो ग्रेग अँडरसन. मित्राविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तो एकदा वर्षभर आणि २०११च्या खटल्याच्या वेळी पुन्हा आत होता. त्यानं आजतागायत तोंड उघडलेलं नाही.